सहा युक्तिवाद वाचा, मार्क एक घ्या

काल रात्री एलसॅटची, म्हणजे अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, प्रॅक्टिस टेस्ट देत होते. लॉजिकल रीझनिंग, म्हणजे युक्तिवाद तपासायचा सेक्शन, त्यातला विसाव्याच्या पुढचा प्रश्न, आणि आलाच तो मेला: वरच्या युक्तिवादातली चूक खालीलपैकी कशातल्या चुकीशी सर्वांत जास्त जुळते?

चूक पहिल्या वाचनातच कळली होती. माल ताजा असला की दुकानात गर्दी होते, इथे गर्दी आहे, म्हणजे माल ताजाच. सरळ उलटं लावलंय. संपलं ना? कसलं संपतंय! आता ए ते ई पाच उतारे वाचा. एकात मधमाश्या, एकात महापौर, बीमध्ये पुन्हा दुकानच, निव्वळ फसवायला ठेवलेलं. सीमध्ये तीच उलटापालट, पण 'बहुतेक' आणि 'शक्यता आहे' घुसवलंय, म्हणून बाद. उत्तर ई, आणि त्यात निष्कर्ष पहिल्याच वाक्यात आणून ठेवलेला, का तर तुम्ही अडखळावं म्हणून.

अरे, चूक ओळखता येते का हे बघायचंय ना? मग चूक विचारा! आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, धुरावरून अग्नी मान्य केला, अग्नीवरून धूर नाही केला. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. एका उदाहरणात विषय मिटला, हेतू सव्यभिचार ठरला, म्हणजे दिलेलं कारण निष्कर्षाला बांधलेलं नाही हे कळलं. इथे दोष कळूनही सुटका नाही. 35 मिनिटांत पंचवीसेक प्रश्न, त्यात हा एकटा दोघांचा वेळ खातो आणि मार्क देतो एकच. क्लासवाले शांतपणे सांगतात, 'सोडून द्या, वेळ उरला तर बघा.' सोडून देण्यात शहाणपण असलेला प्रश्न पेपरात ठेवताच कशाला?

ऑगस्ट 2024 पासून लॉजिक गेम्स, म्हणजे आकृत्या काढून सोडवायच्या कोड्यांचा सेक्शन, गेले. अंध विद्यार्थ्यांना आकृत्या काढायला लावणं अन्यायाचंच होतं, ते जायलाच हवे होते. पण त्यांच्या जागी काय आणलं? लॉजिकल रीझनिंगचा आणखी एक सेक्शन! म्हणजे हे प्रश्नही दुप्पट. शिवाय चारांतला एक सेक्शन मार्कांत मोजतच नाहीत, आणि कुठला मोजत नाहीत ते सांगतही नाहीत. तोही लॉजिकल रीझनिंगचा निघाला की परीक्षावाल्यांच्या पुढच्या पेपरांचे प्रश्न आपण घाम गाळून तपासून द्यायचे, आणि वर परीक्षेची फीसुद्धा आपणच भरायची.