सिबिल नाही म्हणून घर नाही?

गेल्या दिवाळीनंतर मी घरमालक झालो. वारज्याचा वन बीएचके, भाडं सोळा हजार. आयुष्याची पंधरा वर्षं भाड्याच्या घरांत काढलेला माणूस मी, त्यामुळे पहिल्या भाडेकरूला भेटताना मलाच घाम फुटला होता.

एजंटने आधीच बजावलेलं, "सर, सिबिल बघितल्याशिवाय हो म्हणू नका." सिबिल म्हणजे माणूस कर्ज कसं फेडतो त्यावरून त्याला मिळणारा स्कोअर. आलं ते जोडपं शिवणकाम करणारं. दोघांचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान, मुलगी नववीत. त्यांनी सिबिल काढून दाखवला तर स्कोअरच्या जागी उणे एक! मला वाटलं, काहीतरी भयंकर केलेलं दिसतंय. नंतर कळलं, उणे एक म्हणजे या माणसाची कर्जाची नोंदच नाही. खरा स्कोअर 300 ते 900 च्या दरम्यान असतो.

ताई म्हणाल्या, "दादा, आम्ही कधी कर्जच काढलं नाही. सासरे म्हणायचे, ऋण काढून सण करू नये."

आणि मी गप्प झालो. माझा स्कोअर चांगला आहे, तो का? कारण माझ्या डोक्यावर होमलोन आहे आणि खिशात दोन क्रेडिट कार्डं. हप्ते फेडणाऱ्याची बाजारात पत आणि कर्जच न काढणाऱ्याचं पान कोरं. कोरं पान बघून आपण घाबरतो, हे मला तरी उलटंच वाटतं. मुळात सिबिल सांगतो कर्जाच्या परतफेडीबद्दल. भाडं वेळेवर दिलं की नाही, हे त्यात सहसा येतच नाही.

(एक गोष्ट सांगून ठेवतो: दुसऱ्याचा रिपोर्ट आपण परस्पर काढायचा नसतो. ज्याचा आहे त्याने स्वतः काढून दाखवायचा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. एजंट "पॅन नंबर द्या, बघून घेतो" म्हणाला तर त्याला हात जोडा.)

मग मी काय बघितलं? आधीच्या घराचं भाडं. ताईंनी मोबाईलवर यूपीआयचे व्यवहार दाखवले, जवळजवळ दोन वर्षांचे. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बारा हजार, एकाच नावाला. मधे एक महिना उशीर, तेव्हा नवरा आजारी होता. तो उशीर त्यांनी स्वतःहून दाखवला. त्यानंतर जुन्या मालकाला फोन केला. सध्याच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या, कारण सध्याच्याला भाडेकरू जायला हवा असेल तर तो गोडच बोलणार! दुकानातही जाऊन आलो, बायकोचे दोन ब्लाउज शिवायला टाकून. तेही वेळेत मिळाले.

आधी एका मुलाला मात्र नाही म्हटलं होतं. त्याचाही इतिहास नव्हता, पण तो आधी कुठे राहत होता हेच धड सांगेना. मला अडचण त्या लपवाछपवीची होती. सोसायटीतल्या काकांना वाटलं, बॅचलर म्हणून नाकारलं. "बरं केलंत," म्हणाले. काय बोलणार!

उरलेली भीती मी कागदावर टाकली. महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. "अकरा महिन्यांचाच आहे, नोटरी चालेल" हे आपल्याकडचं लाडकं गैरसमज-गीत आहे. करार नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते उलट सिद्ध होईपर्यंत खरं धरलं जातं. कलम 24 मध्ये लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ घर वापरायला देण्याच्या कराराची, मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट भाड्याची तरतूद आहे. डिपॉझिट तीन महिन्यांचं घेतलं, पोलिसांकडे माहिती ऑनलाइन भरली.

सहा महिने झाले. भाडं पाच तारखेच्या आत येतं. परवा ताईंचा फोन आला, दुकानासाठी नवं मशिन घ्यायचंय, बँक कर्ज द्यायला तयार नाही. म्हणे, आधी कधी कर्ज घेतलं नाही ना!