मांडणीवर उपलब्ध

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक न मिळण्याची एक जुनी, सुस्थिर आणि सर्वमान्य पद्धत होती. वाचकाने तालिकेच्या, म्हणजे ग्रंथसूचीच्या, खणातून पुस्तकाचे पत्र (कार्ड) शोधावे, त्यावरचा वर्गांक आणि दाखल क्रमांक चिठ्ठीवर उतरवून देवघेवीच्या खिडकीत द्यावा, खिडकीमागच्या मामांनी ती चिठ्ठी चष्म्याच्या वरून वाचावी आणि जागचे न हलता ‘नाहीये सर’ असे सांगावे, एवढाच तो व्यवहार असे. पुस्तक बहुधा असायचे. एकदोन दिवस जाऊ देऊन, मामांच्या मुलीच्या अकरावीच्या प्रवेशाची आस्थेने चौकशी करून पुन्हा विचारले, की तेच पुस्तक निमूटपणे हातात पडायचे. गेल्या शैक्षणिक वर्षात ग्रंथालयाचे आधुनिकीकरण झाले आणि ही स्थिती नेमकी उलटी झाली. आता ‘नाही’ असे कोणीच म्हणत नाही. पडद्यावर हिरव्या अक्षरांत ‘मांडणीवर उपलब्ध’ असे येते आणि पुस्तक नसते.

बदलाची सुरुवात, रीतीप्रमाणे, परिपत्रकाने झाली. ‘वाचकांच्या सोयीसाठी देवघेव विभाग पुढील सूचनेपर्यंत बंद राहील’ असे त्यात म्हटले होते. मी ग्रंथालय समितीचा सदस्य असल्यामुळे ते मला इतर वाचकांच्या आधी, म्हणजे विभाग बंद झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मिळाले. बंद दाराआड प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्याला आतून एक चिप असलेली चिकटपट्टी लावण्याचे काम चालू होते. या चिपमुळे पुस्तक स्वतःची ओळख रेडिओलहरींनी सांगते, वाचकाला यंत्रावरून ते स्वतःच घेता येते आणि नोंद न करता कोणी नेऊ लागला तर दारातले फाटक ओरडते, असे आम्हाला समितीत समजावून सांगण्यात आले. तालिकेची लाकडी कपाटे जिन्याखाली गेली. त्यांतली पत्रे मात्र वाया गेली नाहीत. त्यांच्या कोऱ्या पाठी चिठ्ठ्यांसाठी उत्तम असल्याचे मामांच्या वेळीच लक्षात आले होते.

उद्घाटनासाठी 12 ऑगस्ट 2024 हा दिवस निवडला, कारण ती भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांची जयंती. वक्त्यांनी रंगनाथन यांच्या 1931 सालच्या पाच सूत्रांपैकी ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे चौथे सूत्र उपस्थितांचा बराच वेळ घेऊन विशद केले. मला मात्र त्या वेळी वेगळेच रंगनाथन आठवत होते. 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर हा गणिताचा अध्यापक त्या ओसाड शांततेला इतका कंटाळला होता, की मला पुन्हा शिकवायला पाठवा, अशी विनवणी त्यांनी केली होती. नंतर ते इंग्लंडला जाऊन आले, त्यांचे मन पालटले आणि ग्रंथालयशास्त्र वाचले. पण त्या पहिल्या काही दिवसांतल्या रंगनाथन यांच्याविषयी मला जो जिव्हाळा वाटतो, तो सूत्रकार रंगनाथन यांच्याविषयी वाटत नाही. समारंभानंतर प्रमुख पाहुण्यांना पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक देण्याची प्रथा पाळण्यात आली. चिकटपट्ट्या लावणाऱ्यांनी टेबलावर दिसेल त्या पुस्तकाला पट्टी लावली असल्यामुळे पाहुणे बाहेर पडताना फाटक ओरडले. यंत्रणा चालते याचा तो एकमेव निर्विवाद पुरावा होता आणि कुलगुरूंनी टाळ्या वाजवून प्रसंग साजरा केला.

खरी परीक्षा संगणकीय तालिकेने घेतली. जुन्या नोंदी तीन पिढ्यांनी तीन प्रकारे केलेल्या होत्या. पहिल्या पिढीने मराठी नावे रोमन लिपीत लिहिली, त्यामुळे ज्ञानेश्वरी ‘जे’, ‘डी’ आणि ‘जी’ अशा तीन अक्षरांखाली विखुरली गेली. दुसऱ्या पिढीने आपल्या काळच्या देवनागरी फाँटमध्ये नोंदी केल्या; तो फाँट नव्या प्रणालीला वाचता येत नाही, म्हणून त्या काळात विकत घेतलेली सर्व पुस्तके आता स्वल्पविराम, कंस आणि डॉलरची चिन्हे यांनी बनलेल्या नावांखाली नांदतात. तिसरी पिढी युनिकोडची. तिच्या चुका तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘ॲरिस्टॉटल’मधला पहिला स्वर एकसंध अक्षर म्हणून टंकता येतो, तसाच आधी अ आणि मग त्याच्यावर चंद्र असाही टंकता येतो. दोन्ही दिसायला सारखेच, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे गृहस्थ, आणि काव्यशास्त्राचा कर्ता कोणता, हे नशिबावर अवलंबून.

यात भर म्हणजे मला हवा होता 1930 च्या दशकातला एक कवितासंग्रह. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून हद्दपार केले. परंतु पुस्तकाच्या मुखपृष्ठावर जसे नाव असेल तसेच ते नोंदवावे, हा तालिकाकारांचा धर्म. तेव्हा त्या काळच्या पुस्तकाच्या नावात किती अनुस्वार होते आणि ते नेमके कोणत्या अक्षरांवर बसले होते, हे माहीत असल्याखेरीज ते सापडत नाही. प्रणाली बसवणाऱ्या कंपनीचा तरुण तंत्रज्ञ मला अतिशय सौजन्याने म्हणाला, “सर, तुम्ही फक्त स्पेलिंग बरोबर टाका.”

“बरोबर म्हणजे कोणते?”

“पुस्तकावर असेल ते.”

ते पाहण्यासाठीच मला पुस्तक हवे आहे, हे ऐकल्यावर त्याने माझी तक्रार ‘सुधारणेची सूचना’ या सदरात नोंदवून घेतली.

दिवाळीच्या सुट्टीत मला संदेश आला, की माझ्याकडे 20,000 रुपयांहून अधिक विलंबशुल्क थकले आहे. जुन्या नोंदींपैकी एकीत पुस्तक दिल्याची तारीख कोरी होती आणि संगणकांचा काळ ज्या दिवसापासून मोजला जातो, ती 1 जानेवारी 1970 ही तारीख प्रणालीने तिथे परस्पर भरली होती. दर दिवसाला एक रुपया, हिशेब अचूक होता. माझ्या जन्माच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडल्यावर ते शुल्क माफ झाले. जानेवारी 2025 मध्ये केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आली आणि तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये खर्चून 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके वाचकांना खुली झाली. ही खरोखर मोठी गोष्ट आहे. आमच्या रसायनशास्त्राच्या विभागात पेढे वाटले. 1867 मध्ये निघालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मराठी मासिकाचे आमच्याकडचे बांधीव खंड मात्र त्याच महिन्यात स्कॅनिंगसाठी गेले असून ते ‘प्रक्रियेत’ आहेत.

अखेर अनुस्वारांची सगळी शक्य स्थाने चाचपून मी तो कवितासंग्रह पडद्यावर मिळवला. मांडणीवर उपलब्ध. मामांना आता हातात धरायचे शोधयंत्र मिळाले आहे आणि त्यांची त्यावर गाढ श्रद्धा बसली आहे. त्यांनी ते 891.461 च्या मांडणीवरून, म्हणजे मराठी कवितेवरून, दृष्ट काढावी तसे फिरवले. यंत्र गप्प. “पण कॉम्प्युटर म्हणतोय ना आहे, म्हणजे आहे सर,” मामा म्हणाले, “आता मी नाही म्हणणारा कोण?” आणि ते चहाला गेले.

कारण तंत्रज्ञाने नंतर सांगितले. पातळ पुस्तके एकमेकांना खेटून उभी असली, की त्यांच्या चिपा एकमेकींवर येतात, एकमेकींच्या लहरी बिघडवतात आणि यंत्राला दिसेनाशा होतात. कादंबरी दिसते, चरित्र दिसते, अनेक खंडांचा कोश तर ठळक दिसतो. कवितासंग्रह तेवढा दिसत नाही. मराठी प्रकाशकांचेही कवितेविषयी साधारण असेच मत आहे, त्यामुळे मला फारसे आश्चर्य वाटले नाही. मी एकेक पुस्तक हाताने बाहेर काढत गेलो आणि तो संग्रह मिळाला.

स्वयंसेवा यंत्राने मात्र त्याची चिप वाचायला ठाम नकार दिला, आणि खिडकीवरून पुस्तक देणे नव्या परिपत्रकानुसार बंद झालेले होते. तेव्हा मामांनी एका तालिकापत्राच्या पाठीवर माझे नाव आणि तारीख लिहून ते खणात टाकले. फाटकालाही चिप वाचता न आल्यामुळे मी सन्मानाने बाहेर पडलो. काम झाल्यावर पुस्तक परत करायला गेलो, तर प्रणाली म्हणाली, की हे पुस्तक कोणालाही दिलेले नाही. मामांनी खणात हात घातला, पण ते तालिकापत्र एव्हाना दुसऱ्या कोणाच्या तरी चिठ्ठीच्या कामी आले होते. “जे दिलंच नाही, ते परत कसं घेऊ सर?” ते म्हणाले. या युक्तिवादात मला दोष सापडला नाही.

संग्रह माझ्या टेबलावर आहे. पडद्यावर तो अजून हिरव्या अक्षरांत उपलब्ध आहे. परवा एका संशोधक विद्यार्थिनीने कुलसचिवांकडे लेखी तक्रार केली, की अमुक कवितासंग्रह मांडणीवर उपलब्ध दिसतो, तिथे सगळी पुस्तके हाताने काढून पाहिली तरी सापडत नाही, तरी चौकशी व्हावी. ती तक्रार आवक क्रमांक पडून, योग्य मार्गाने, ग्रंथालय समितीचा सदस्य या नात्याने माझ्याकडे अभिप्रायासाठी आली आहे.