मामांचं अतिक्रमण आणि उम्म अल-हिरान

मामांनी परवा फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज आज सोसायटीच्या ग्रुपवरही आला, म्हणून लिहायला बसलो. मेसेज थोडक्यात असा: दक्षिण इस्राएलच्या नेगेव वाळवंटातले बेदुइन (तिथले अरब लोक) मुळात भटके, त्यांना गाव कधी नव्हतंच. इस्राएलच्या सरकारी जमिनीवर ते घुसून बसलेत, खंडणी वसूल करतात. सरकार शहरात प्लॉट देतं, तर यांना शहर नको. 'राष्ट्र प्रथम मानणारा देश अतिक्रमण असं काढतो!' खाली बुलडोझरचा फोटो.

भटके होते, पण शेतीही करत. पहिल्या महायुद्धाआधी गाझा बंदरातून इंग्लंडच्या बिअरसाठी जव जायचे, त्यातले बरेच याच लोकांच्या रानातले. जव काय उंटाच्या पाठीवर पेरतात, मामा?

आता अतिक्रमण. 1948 च्या युद्धानंतर नेगेवमध्ये जेमतेम 11,000 बेदुइन उरले. त्यांना एका पट्ट्यात कोंडून 1966 पर्यंत लष्करी अमलाखाली ठेवलं. त्याच काळात, 1956 मध्ये, लष्करी गव्हर्नरच्या हुकमावरून अबू अल-किआन कुळाला उठवून एका जागी नेऊन बसवलं. ते गाव म्हणजे उम्म अल-हिरान. पुढे त्याच जागी हिरान नावाचं ज्यू गाव वसवायचं ठरलं आणि सरकार कोर्टात म्हणालं, हे लोक घुसखोर! 2015 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मामांनी जरूर वाचावा. हे घुसखोर नाहीत, राज्याच्या परवानगीनेच इथे राहिले, हे न्यायालयाने मान्य केलं. पण परवानगी दिली तशी काढताही येते, म्हणून दोन विरुद्ध एक मतांनी उठवायला हिरवा कंदील दिला. म्हणजे आणून बसवणारं सरकार, उठवणारंही सरकार, आणि अतिक्रमण यांचं. शेवटी पाडकामाचा खर्च अंगावर पडू नये म्हणून लोकांनी स्वतःची घरं स्वतःच पाडली. मशीद उरली होती, ती नोव्हेंबर 2024 मध्ये पोलिसांच्या बंदोबस्तात पाडली.

'राष्ट्र प्रथम' म्हणाल, तर इस्राएलच्या 2018 च्या राष्ट्र-राज्य कायद्यात ज्यू वसाहतींचा विकास हे राष्ट्रीय मूल्य आहे असं लिहिलंच आहे. बेदुइन नागरिक आहेत, मत देतात, त्यांच्यातले काही स्वखुशीने सैन्यातही जातात. त्या कलमात ते कुठे बसतात, शोधून सांगा.

खंडणीचं खरं आहे. टोळ्या आहेत, लोक वैतागलेत. प्लॉट आणि भरपाई देऊ करतात, हेही खरं. पण 'शहर नको'?

नेगेवमधलं दिमोना शहर माहीत असेल. आपले मराठी बोलणारे बेने इस्राएली ज्यू जिथे मोठ्या संख्येने जाऊन राहिले, तेच. त्याला खेटून रास जराबा नावाचं बेदुइन गाव आहे. दिमोनाची नवी वस्ती तिथे वाढवायची म्हणून 2023 मध्ये बेरशेबाच्या कोर्टाने गावाला जागा सोडायला सांगितलं. गावकऱ्यांचं मागणं एवढंच होतं की आम्हालाही त्याच नव्या वस्तीत घ्या, आम्ही दिमोनाकर म्हणून राहू. तेवढं मात्र मान्य झालं नाही.