नाकाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेबद्दलच्या तुमच्या तक्रारीला उत्तर

नमस्कार,

रिव्हिजनला, म्हणजे नाकाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला, सात महिने झाले तरी नाकाचा शेंडा जाडच दिसतो, डाव्या बाजूने श्वास कोंडतो आणि विचारायला गेलं की 'वर्षभर थांबा' एवढंच ऐकायला मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. दोनदा पैसे, रजा आणि दुखणं सोसल्यावर हा राग येणारच. तुमची फाइल मी इथे उघडणार नाही, ती खासगी आहे. रिव्हिजनच्या सगळ्याच पेशंटना लागू पडतं तेवढंच लिहितो.

शेंड्यासाठी थांबा म्हणतो ती टाळाटाळ नाही. पहिल्या शस्त्रक्रियेचे व्रण आत असतात, त्यामुळे दुसऱ्या वेळी सूज फार सावकाश उतरते आणि शेंड्याची सगळ्यात शेवटी. आपल्याकडे बऱ्याच जणांच्या नाकाची कातडी जाड असते, त्यांना दीड वर्षही लागतं. पण थांबून सगळंच सुधारतं असंही नाही. नाकाला आधार द्यायला लागणारं मधल्या पडद्याचं कार्टिलेज (कूर्चा, म्हणजे लवचीक मऊ हाड) पहिल्या वेळीच वापरून झालेलं असलं की कानाचं किंवा बरगडीचं घ्यावं लागतं, आणि बरगडीचं कधीकधी नंतर वाकतं. तसं दिसलं तर मी ते स्पष्ट सांगेन.

श्वासाची तक्रार मात्र वर्षभर ताटकळत ठेवायची नसते. आत काही चिकटलंय का, पडदा वाकलाय का, हे दुर्बिणीने कळतं. गाल हलकेच बाहेर ओढल्यावर श्वास मोकळा होत असेल, तर नाकाच्या आतली अरुंद जागा कमजोर असण्याची शक्यता असते. या आठवड्यात नौपाड्याच्या क्लिनिकमध्ये या, तपासणीचे पैसे घेणार नाही.

दुसरं मत जरूर घ्या. ऑपरेशनच्या नोट्स आणि आधीचे फोटो मागा. अर्ज केल्यापासून ७२ तासांत कागद देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. मुंबईतल्या सायन आणि केईएम या दोन्ही सरकारी रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरी विभाग आहे, आणि सायनला ठाण्याहून लोकल थेट जाते. फक्त कुणी 'लगेच तिसरी करून टाकू' म्हणालं तर कृपया थांबा. दर वेळी कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि तंबाखू किंवा सिगारेट असेल तर धोका आणखी वाढतो.

लाली, पू, ताप किंवा कातडी काळसर पडताना दिसली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी या.