मला हिऱ्यांचं नको, चावीचं घड्याळ हवं होतं

शेवटी घेतलं. जेगर-लकुल्त्र या स्विस कंपनीचं रिव्हर्सो ट्रिब्यूट, म्हणजे केस पालथी करता येणारं मनगटी घड्याळ. स्टीलचं, गडद निळ्या डायलचं, रोज चावी द्यावी लागणारं. पैसे माझे, पगारातून बाजूला काढलेले. या एका खरेदीच्या मागे मी कित्येक वर्षं होते आणि त्या काळात शोरूममध्ये जे पाहिलं त्याबद्दल आज लिहायचंच आहे.

बाई काउंटरसमोर बसली की एक ठरलेला ट्रे पुढे येतो. इवलंसं डायल, कडेने हिरे, शिंपल्याची चमकणारी तबकडी आणि आत सेलवर चालणारं क्वार्ट्झ मशीन. चावीचं दाखवा म्हटलं की "मॅडम, लेडीजमध्ये रोज चावी कोण देतं?" एका दुकानात तर प्रश्न मी विचारत होते आणि उत्तरं नवऱ्याकडे बघून दिली जात होती. तो बिचारा मोबाइलवर वेळ बघणारा माणूस. हिऱ्यांची आवड असणाऱ्यांनी जरूर घ्यावं, पण बाईला यंत्रात रस नसणारच हे आधीच कोण ठरवतं?

मनगटी घड्याळ मुळात बायकांचंच, हे माहीत असलं की याचा जास्त राग येतो. नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० मध्ये ब्रेगे या घड्याळजीकडे मनगटावर घालायचं घड्याळ बनवायला दिलं. पाटेक फिलिपने १८६८ मध्ये बनवलेलं मनगटी घड्याळ हंगेरीच्या एका काउंटेसचं. पुरुषांची घड्याळं तेव्हा साखळीला लावून खिशात असत, मनगटावर घालणं त्यांना बायकी वाटे. पहिल्या महायुद्धात खंदकात बसून खिशातून घड्याळ काढणं जमेना, तेव्हा कुठे त्यांच्यात ते रुळलं. आणि ज्या कंपनीचं घड्याळ मी घेतलं तिनेच १९२९ मध्ये 'कॅलिबर १०१' नावाचं मशीन बनवलं. सुरुवातीला ७४ भाग, वजन जेमतेम एक ग्रॅम, आणि तेही बायकांच्या नाजूक घड्याळांसाठी. १९५३ मध्ये राणी एलिझाबेथने राज्याभिषेकाला घातलेल्या घड्याळात हेच मशीन होतं. इतकं बारीक काम एकेकाळी बायकांच्या मनगटासाठी होत होतं. क्वार्ट्झ स्वस्त आणि सोपं झाल्यावर सगळ्यात आधी आमच्याच घड्याळांतून यंत्र गेलं.

मी भोसरीत टूल रूममध्ये, म्हणजे कारखान्याचे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात काम करते. दिवस डाय, फिक्श्चर आणि मायक्रॉनमध्ये जातो. त्यामुळे मला फिटिंग दिसतं, आधी तेच दिसतं. रिव्हर्सोची केस बाजूला ढकलली की ती खालच्या चौकटीच्या खाचेतून सरळ सरकते, टोकाला गेली की पालथी होते आणि परत आत ढकलली की टक् करून बसते. मी नखाने कडेकडेने हलवून पाहिलं. सरकताना कुठे अडकत नाही आणि बसल्यावर जराही प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवत नाही. नुसत्या केसलाच पन्नासच्या वर भाग आहेत. आत मशीनही चौकोनी केसला शोभेल असं, त्याच आकाराचं. गोल मशीन चौकोनी डब्यात बसवून मोकळे झालेले नाहीत.

ही पालथी होणारी केस आली कुठून? हिंदुस्थानातल्या पोलोच्या मैदानातून. इथले ब्रिटिश अधिकारी खेळताना घड्याळाच्या काचा फोडत. सेझार द त्रे या घड्याळ व्यापाऱ्याकडे ही तक्रार आली, रेने-आल्फ्रेड शोव्हो या फ्रेंच इंजिनिअरने केस आखली आणि ४ मार्च १९३१ ला पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज गेला. ज्या वस्तूला खरी अडचण सोडवायची होती तिचंच रूप नव्वद वर्षांनंतरही टिकलंय, मला यात फार आनंद आहे.

यादीत बाकीचीही होती. ग्रँड सेकोचं पॉलिश मला आजही सगळ्यात सरस वाटतं, पण चावीचं जे आवडलं त्याची जाडी साडेअकरा मिलिमीटरच्या आसपास, आणि ड्रेस वॉच, म्हणजे समारंभाला घालायचं घड्याळ, बाहीखाली अलगद सरकलं पाहिजे. माझं साडेआठ आहे. नोमोसचं टँजेंट बरेच दिवस मनात होतं; बजेट कमी असेल तर आजही मी तेच सांगेन. कार्टिएचं सोन्याचं टँक हातात घेतलं, किंमत ऐकली आणि परत ठेवलं.

मापाबद्दल मात्र एक महत्त्वाचं. लहान रिव्हर्सो दाखवतील, ते बऱ्याचदा क्वार्ट्झ असतं. मोठं ४५.६ मिलिमीटर लांब, हा आकडा ऐकून घाबरू नका. पट्टा जिथे जोडतात ते कान धरून ती लांबी आहे, रुंदी २७.४ च. माझं मनगट बारीक आहे, तरी छान बसलं.

"रिसेल काय?" असं ऑफिसात प्रत्येकाने विचारलं. मला विकायचं नाही. कोणी म्हणालं थांब, स्वित्झर्लंड ज्यात आहे त्या युरोपातल्या एफ्टा गटाशी भारताचा झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालाय, स्विस घड्याळांवरचं आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरेल. उतरू दे. मला आत्ता घालायचं होतं.

घालते कधी? साड्यांवर, मीटिंगला, लग्नाकार्याला. बांगड्या उजव्या हातात, नाहीतर स्टीलवर चरे पडतात. शॉपफ्लोअरवर जाताना काढून ड्रॉवरमध्ये. ग्राइंडिंग मशीनच्या मॅग्नेटिक चकजवळ (काम चुंबकाने पकडून ठेवणारा भाग) गेलं की हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे घड्याळाची चाल राखणाऱ्या बारीक स्प्रिंगमध्ये, चुंबकत्व शिरतं आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. पावसाळ्यात चामड्याचा पट्टा पूर्ण बंद, दुसरा ठेवलाय.

घड्याळ घ्यायला निघालेल्या मैत्रिणींनो, पुरुषांच्या काउंटरवरचा ट्रे मागवा. आणि हे हातात घेऊन सरकवून बघायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा, पुण्यात कुठेही भेटू, मी घेऊन येईन.