पिंपल्स आलेत? मेडिकलवाल्या दादाला विचारा

चेहऱ्यावर पिंपल्स आले की काहीही करा, फक्त स्किनच्या डॉक्टरकडे जाऊ नका. ते ताटकळत बसवतात, दिव्याखाली गाल धरून बघतात, 'आधी काय काय लावलंय?' असले खासगी प्रश्न विचारतात आणि वर सांगतात, फरक दिसायला दोन-तीन महिने लागतील. दोन-तीन महिने! इथे हळद पुढच्या गुरुवारी आहे.

त्यापेक्षा आयब्रो करणाऱ्या ताई आहेत, वरच्या मजल्यावरच्या काकू आहेत, रीलवाली ती मुलगी आहे, जिच्या गालावर फिल्टरशिवाय दुसरं काही लागलेलं नाही.

डॉक्टरने लिहून दिलेलं पिंपल्सचं जेल मिळालंच तर हात आखडता घेऊ नका. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं वाटाण्याएवढं, तेही अख्ख्या चेहऱ्याला मिळून. वाटाण्याने काय होणार? चांगलं थापा, ओल्या तोंडावरच थापा, नाकाच्या कडेला आणि ओठांच्या कोपऱ्यात जरा जास्त. एक दिवसाआड सुरुवात करा, वर मॉइश्चरायझर लावा, ही भित्र्यांची कामं. सकाळी सालपटं निघून आग व्हायला लागली की समजायचं, औषध लागू पडलं.

बेन्झॉइल पेरॉक्साइड हे पिंपल्सचं जेल लावून आईच्या नव्या मरून अभ्र्यावर झोपा. उजाडेपर्यंत अभ्र्याला पांढरी नक्षी तयार.

रात्री लावायचं ट्रेटिनॉइन सकाळी लावा आणि मे महिन्यात भर दुपारी गाडीवरून नाशिकमधलं द्वारका ते सातपूर जाऊन या. सनस्क्रीन कशाला, स्कार्फ आहे ना! तोच, चार दिवस न धुतलेला.

लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा: स्वयंपाकघर आणि बाथरूम मिळून पूर्ण उपचार.

पहिल्या दोन आठवड्यांत पिंपल्स थोडे वाढले तर लगेच ट्यूब बदला. तिसऱ्या आठवड्यात परत बदला. अडॅपलीनसारख्या औषधांनी सुरुवातीला असं होऊ शकतं हे डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणा, पण तेव्हा आपण मोबाइल बघत होतो.

आणि सगळ्यात मोलाचा सल्ला. चिठ्ठीवर काहीही असू दे, काउंटरवरचा दादा देईल तेच घ्या. मागच्या आठवड्यात मी भाचीची चिठ्ठी घेऊन आमच्या भागातल्या एका मेडिकलमध्ये गेले. अडॅपलीन, 0.1 टक्के. अक्षर वाचता येण्यासारखं होतं, म्हणजे तीही सबब नाही. दादाने चिठ्ठी पुरती उलगडलीसुद्धा नाही. "हे संपलंय काकू. हे न्या, याच्यापेक्षा भारी. सगळ्या मुली हेच नेतात. आठ दिवसांत चेहरा काच!"

मी चष्मा लावून खोका वाचला. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. हे मिश्रण डॉक्टर वांगासाठी, म्हणजे चेहऱ्यावरच्या काळपट डागांसाठी देतात, तेही थोडे दिवस, लक्ष ठेवून. पिंपल्सचं हे औषधच नव्हे. मी म्हटलं, "अरे, यात स्टेरॉइड आहे." तर म्हणे, "थोडंच असतं." थोडंच! भाजीत मीठ आहे का ते? बिल मागितलं तर म्हणे, बिल घेतलं तर डिस्काउंट नाही. मागे उभे असलेले गृहस्थ म्हणाले, "मॅडम, घ्या ना पटकन, आम्हालाही कामं आहेत." खोक्यावर आरएक्सचं चिन्ह आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असं छापलंय, आणि तो मुलगा ते गोळीबिस्किटासारखं सरकवतोय. 2018 मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली ती काय हौस म्हणून? आणि पुढच्या चौकातल्या दुकानात अडॅपलीन पहिल्याच शब्दाला मिळालं.

आठ दिवसांत चेहरा काच होतो हे मात्र खरं. स्टेरॉइडने लाली ओसरते, सूज उतरते, रंग उजळल्यासारखा वाटतो. मैत्रिणी नाव विचारतात, आपणही मोठ्या मनाने फोटो काढून पाठवतो. मग ट्यूब संपते. दोन-चार दिवसांत चेहरा लालभडक, आग, पहिल्यापेक्षा दुप्पट पिंपल्स. की पुन्हा तीच ट्यूब. असं महिनोन्महिने चालतं आणि कातडी इतकी पातळ होते की गालावरच्या शिरा दिसायला लागतात, हनुवटीवर लव वाढते, उन्हात दोन मिनिटं उभं राहवत नाही. मग हीच मुलगी तोंड बांधून त्वचारोगतज्ज्ञाकडे येते आणि विचारलं की सांगते, "काही नाही लावलं, फक्त साधी क्रीम."

साधी क्रीम कसली डोंबलाची! खोका वाचता येत नाही का तुम्हाला? वीस हजारांच्या मोबाइलची सगळी फीचर्स पाठ असतात, आणि तोंडाला काय फासतो ते वाचायला वेळ नाही? क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, या स्टेरॉइडांपैकी एक जरी नाव दिसलं तर ती ट्यूब पिंपल्ससाठी नाही. खाली ठेवा आणि दुकानातून बाहेर पडा. बाळासाठी प्रयत्न चालू असतील किंवा दिवस गेलेले असतील तर ट्रेटिनॉइन, अडॅपलीनला हात लावायचा नाही, आणि ते डॉक्टरला आपणहून सांगायचं, त्यांनी ओळखायची वाट बघायची नाही. अशी जेलं चालू असताना ओठांवर, गालांवर वॅक्सिंग करून घेऊ नका, कातडी सोलवटून निघते. नुसतं क्लिंडामायसिनचं जेल महिनोन्महिने चोपडत बसू नका. जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून तर डॉक्टर बेन्झॉइल पेरॉक्साइड जोडीला देतात.

स्टेरॉइडची ट्यूब आधीच बरेच महिने लावत असाल तर लपवू नका. नाव सांगा, खोका दाखवा. सोडताना चेहरा भडकणारच, म्हणून परत मेडिकलकडे पळायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. आणि ती उरलेली अर्धी ट्यूब 'वाया कशाला घालवायची' म्हणत नणंदेला देऊ नका. कचऱ्यात टाका. आजच.