बारावीनंतर काय?

गुणात्मक संशोधनपद्धती, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यातून अर्थ शोधण्याची रीत, हा विषय मी गेली अनेक वर्षे शिकवत आहे आणि या काळात विद्यार्थ्यांचा पहिला प्रश्न एकदाही बदललेला नाही. दुसऱ्याच्या अनुभवाचा अर्थ आपण लावू शकतो का, आणि लावला तर तो अर्थ त्याचा की आपला, यावर पाऊण तास बोलून मी घसा कोरडा केलेला असतो. मागच्या बाकावरून एक हात वर येतो, आता चर्चा रंगणार या आशेने मी पुढे सरसावतो आणि प्रश्न येतो, "सर, मुलाखती किती घ्यायच्या?"

याचे प्रामाणिक उत्तर 'ते अवलंबून आहे' असे आहे. या विषयातील बहुतेक प्रश्नांचे उत्तर हेच असल्यामुळे, काहीही विचारले तरी हात झटकणारा माणूस अशी माझी ख्याती झाली आहे. शेजारच्या वर्गात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांकडे सूत्रे आहेत, तक्ते आहेत, निकाल ग्राह्य धरायची ०.०५ ही ठरलेली रेघ आहे. माझ्याकडे 'संपृक्तता' आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी १९६७ साली मांडलेली ही कल्पना ढोबळमानाने अशी की, मिळणाऱ्या माहितीतून काही नवे हाती लागेनासे झाले की थांबावे. ती ऐकून एका विद्यार्थ्याने पहिल्याच मुलाखतीनंतर, आपल्या हाती काहीच नवे लागत नसल्याचे मला लेखी कळवले होते.

एका वर्षी या 'किती'च्या भडिमारापुढे मी हात टेकले आणि गेस्ट, बन्स व जॉन्सन या संशोधकांच्या २००६ सालच्या अभ्यासाचा उल्लेख करून बसलो. पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांमधल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती त्यांनी तपासल्या, तेव्हा पहिल्या १२ मुलाखतींतच बहुतेक मुद्दे येऊन गेल्याचे त्यांना आढळले होते. तो गट बऱ्यापैकी एकजिनसी होता, म्हणून हा आकडा सरसकट कुठेही लावू नये, हेही मी बजावले. परंतु 'बारा' हा शब्द ऐकताच साऱ्या माना वहीत गेल्या आणि माझा 'परंतु' येईपर्यंत पेनांना टोपणे लागलेली होती. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एकूण एक शोधनिबंधांत संपृक्तता बाराव्या मुलाखतीला आली. विषय वेगळे, माणसे वेगळी, विचारणारे वेगळे. नवे मुद्दे मात्र अकराव्या मुलाखतीपर्यंत येत राहिले आणि बाराव्या मुलाखतीला शिस्तीत थांबले.

त्या मुलाखतींविषयी काय सांगावे! समोरच्याला मोकळेपणाने बोलू द्यावे, आपले उत्तर त्याच्या तोंडी घालू नये, हे मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा मारतो. त्यानंतर माझ्यासमोर पुढील संवाद येतो :

"तुम्हाला कामाचा खूप ताण येतो, हो ना?"

"हो."

"मग झोप लागत नसेल?"

"नाही."

"म्हणजे लागत नाही?"

"नाही, लागते."

या चार मिनिटांच्या मुलाखतीतून विद्यार्थ्याने सात संकेत, म्हणजे बोलण्याच्या तुकड्यांना द्यायची अर्थाची लेबले, काढले होते आणि त्यांपैकी एक 'झोपेविषयी संभ्रम' असा होता. संभ्रम होता हे मला मान्य आहे. तो कोणाचा होता, एवढाच आमचा मतभेद.

शब्दांकनाचा छळ वेगळाच. तासाभराचे ध्वनिमुद्रण ऐकून शब्दशः उतरवायला चार ते सहा तास सहज लागतात, त्यामुळे हल्ली ते काम यंत्राकडे जाते आणि यंत्र हसणे, हुंकार, अडखळणे सारे गाळून स्वच्छ मजकूर देते. एका मुलीने मात्र सगळे स्वतः उतरवले होते म्हणून मी कौतुकाने ध्वनिमुद्रण ऐकू लागलो, तर वडिलांविषयी विचारताच एक बाई बराच वेळ गप्प राहिल्या होत्या. कागदावर त्याचा मागमूस नव्हता. "सर, तिथे डेटाच नव्हता," ती म्हणाली.

मग येतात आशयसूत्रे, म्हणजे साऱ्या मुलाखतींतून जाणारे अर्थाचे मोठे धागे. निबंधात ती नेहमी 'उदयास येतात', जणू संशोधक खिडकीत बसला होता आणि ती आपली आपण उगवली. आशयसूत्रे उगवत नसून ती संशोधकाला घडवावी लागतात, असे ब्राउन आणि क्लार्क या मानसशास्त्रज्ञ २००६ पासून सांगत आहेत. माझ्या विद्यार्थ्यांची सूत्रे तर खरोखरच उगवत नाहीत. प्रश्नावलीत पाच प्रश्न असतात, त्यांची प्रश्नचिन्हे पुसली की पाच सूत्रे तयार होतात.

गेल्या आठवड्यात एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने आली. घरून काम करणाऱ्यांच्या एकटेपणावर तिचा अभ्यास होता आणि बारा मुलाखतींत एकटेपणा छान जमूनही आला होता. एखादे ध्वनिमुद्रण बिघडले तर हाताशी असावी म्हणून तिने तेरावी मुलाखत घेतली आणि त्या बाईंनी सांगितले, की आयुष्यात पहिल्यांदाच आपल्याला कोणी काही विचारायला येत नाही आणि हे सुख आपण कोणाला सांगतही नाही, कारण लोकांना ते दुःख वाटायला हवे असते. त्यानंतर जुन्या मुलाखती चाळताना तिसरीत आणि सातवीतही तिला तसलेच काहीतरी पुसटसे ऐकू येऊ लागले होते.

"सर, ही काढून टाकू का? बारा तर झाल्याच आहेत."

इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यासमोर खरेखुरे विश्लेषण रडत उभे होते. मी खुर्चीतून उठलोच. हीच मुलाखत निबंधाच्या मध्यभागी ठेव, 'एकटेपणा' हा शब्द बाईंचा आहे की तुझ्या प्रश्नाचा ते तपास, आणि आता पहिल्या बाराही पुन्हा वाच, असे मी एका दमात सांगितले.

"सगळ्या? निबंध तर शुक्रवारी द्यायचा आहे."

"सगळ्या."

"पण किती वेळा?"

मी तोंड उघडले, तेवढ्यात वही मिटत तीच म्हणाली, "अवलंबून आहे. माहीत आहे, सर."